‘आज नको’ म्हणता म्हणता कट्टा सुटला

सातरस्ता_३६

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहायलोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, वय ३६. टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर जकार्डची डिझाइनं काढतो, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. मला ए.एस. आहे, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. नाव सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "हां, आमच्या मामांनाबी स्पाँडिलायसिस होतं. पट्टा लावला, बरे झाले." ते वेगळं आणि हे वेगळं, हे समजावून सांगायचं मी आता सोडून दिलंय. इथं एकदाच सांगतो. त्यात मणके झिजतात. ह्यात आपलीच प्रतिकारशक्ती कमरेच्या खालच्या सांध्यांवर आणि मणक्यावर उठते, सूज येते, आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली तर मणके एकमेकांना चिकटू शकतात. उलटा कारभार असा की पडून राहिलं की दुखणं वाढतं, हिंडलं-फिरलं की कमी होतं. पहाटे साडेतीनला जाग येते ती दुखण्यानंच. मग हॉलमध्ये येरझाऱ्या. सकाळी तासभर मी लाकडाचा असतो, पायमोजे बायको घालते. अकरा वाजता मला कुणी बघितलं तर म्हणेल, ह्याला काय धाड भरलीय?

२९ व्या वर्षी सुरू झालं. चार वर्षं ‘गॅप आहे’ म्हणून शेक, पट्टा, वजनं टांगणं, सगळं झालं. मग पुण्यात एमआरआय, एचएलए बी २७ ची रक्ततपासणी, आणि पाच मिनिटांत निकाल. खरं सांगतो, नाव कळलं त्या दिवशी मला आनंद झाला होता. चार वर्षं घरात-दारात ‘आळशी’ ऐकत होतो, ते खोटं ठरलं म्हणून.

पण विचारायचंय ते आजाराबद्दल नाही. औषधं चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत. विचारायचंय मित्रांबद्दल.

आम्ही पाच जण, शाळेपासूनचे. टोपणनावंच सांगतो: लंब्या, सावकार, पैलवान, डाक्टर (हा डॉक्टर नाही, मेडिकलच्या दुकानात असतो) आणि मी. रात्री साडेनऊ-दहाला पार्क चौकात चहाच्या गाड्यावर जमायचो, जवळजवळ वीस वर्षं. त्या वीस वर्षांत आम्ही एकमेकांना "कसा आहेस?" असं एकदाही विचारलं नसेल. कुणी विचारलंच तर समोरचा म्हणणार, "किती पाहिजेत बे?" आमची दोस्ती म्हणजे काहीतरी मिळून करायची दोस्ती. कोजागिरीला रात्रभर चालत तुळजापूर, ४५ किलोमीटर. थंडीत मंगळवेढ्याकडं हुरडा. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालणं. बोलणं हे ह्या सगळ्याच्या मध्ये मध्ये व्हायचं, तेही शिव्या देत.

आता करणंच बंद पडल्यावर दोस्तीला धरायला काही उरलंच नाही.

सुरुवातीला "आज नको बे, पाठ धरलीय" म्हणायचो. मग नुसतं "आज नको." मग ग्रुपवर अंगठा. ते विचारत राहिले, सहा महिने तरी. मग विचारायचे थांबले. त्यांची चूक म्हणवत नाही. वीस वेळा नाही ऐकल्यावर एकविसाव्या वेळी मीही विचारलं नसतं.

मागच्या वर्षी हट्टानं हुरड्याला गेलो. गाडीवर नको म्हणून सावकारच्या कारमध्ये, तरी तास-सव्वा तास बसून उतरलो तर कंबर धरलेली. शेतात आगटी पेटलेली, सगळे भोवती मांडी घालून बसलेले. गरम कणसं चोळायलेत, शेंगाचटणी, दही, गूळ मध्ये ठेवलेला. मला खाली बसता येईना. म्हणजे बसलो असतो, पण उठलो नसतो. म्हणून बाभळीला टेकून उभारलो. लंब्या म्हणाला, "काय बे, बस की. पाहुण्यासारखा उभारलायस." सगळे हसले. मीही हसलो. ओंजळभर हुरडा त्यानंच हातात आणून दिला, तो उभ्यानं खाल्ला. त्या ओंजळीतला हुरडा गार व्हायच्या आत माझ्या डोक्यात पक्कं झालं की आता ह्यांच्यात यायचं नाही. तिथं कुणीही वाईट वागलेलं नव्हतं, हे लिहिताना मलाच दिसायलंय.

ह्या वर्षी १३ जानेवारीला मी घरी. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा म्हणजे दिवसभराची चाल, आणि त्या आठवड्यात सूज भडकलेली. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. पांढऱ्या बाराबंदीतले पाच जण. पाच! पाचवा कोण तर सावकारचा आतेभाऊ. नेमका माझ्या जागेवर, लंब्या आणि पैलवानच्या मध्ये. छत्तीस वर्षांचा बाप्या माणूस मी, एका फोटोवरून रात्रभर जागा राहिलो.

तर विचारायचंय ते असं. ह्यांना सांगू कसं? आमच्यात असल्या गोष्टी बोलायची पद्धतच नाही. सांगितलं तर कीव करतील, नाही सांगितलं तर माज आलाय म्हणतील. की ह्या वयात असंच होतं, सगळ्यांचेच कट्टे सुटतात, आणि मी उगाच आजारावर ढकलायलोय? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

---

शुद्ध_देशी

गहू, दही, वांगं, आंबट आजपासून बंद करा. सकाळी उपाशीपोटी मेथ्या. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर नाव बदलीन. आणि मित्रबित्र सगळे स्वार्थी असतात, सुखाचे सोबती. आपण पॉझिटिव्ह राहायचं.

सातरस्ता_३६

मालक, दही आठ महिने बंद करून बघितलं. दह्याशी दोस्ती तुटली, दुखणं तिथंच आहे. आता दह्याशी तरी जुळवून घेतलंय.

---

कडकभाकरी

वरचं वाचून हसले आणि मग तुझी पोस्ट परत एकदा वाचली. मी तुझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

मला आमवात, ऱ्हुमॅटॉइड. १४ वर्षं झाली. आम्ही चौघीजणी मिळून कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकत होतो. लग्नसराईत दिवसाला दोन-अडीचशे भाकरी जायच्या. ज्यांनी थापली नाही त्यांना वाटतं भाकरी हाताच्या तळव्यानं होते. पातळ थापायची तर सगळं काम मनगटाचं आणि बोटांच्या मुळांचं असतं, आणि माझे नेमके तेच सांधे धरले. पहिल्यांदा भाकरीची कड जाड राहायला लागली. एका बाईनं परत केली, "काकू, ही कडक नाही, नुसती वाळलीय." ते माझ्यामुळं, हे चौघींनाही ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. मी दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद केलं. सुनेचं बाळंतपण आहे म्हणून सांगितलं. तेव्हा माझा मुलगा बारावीत होता!

पंधरा दिवसांनी त्यातली एक घरी आली. पिशवीत चाळीस-पन्नास भाकरी, प्लास्टिकच्या पिशव्या, मेणबत्ती. म्हणाली, "थापू नकोस. मोज आणि भर." मला इतका राग आला. वाटलं, मला आता पोरीबाळींचं काम देते. तिच्यासमोर एक शब्द बोलले नाही, ती गेल्यावर एकेक पिशवी मेणबत्तीवर चिकटवत रडले. पण भरल्या. दुसऱ्या दिवशी ती परत आली. आज माझ्याकडं मोजणं, हिशेब आणि फोनवरच्या ऑर्डरी आहेत. त्या तिघी थापतात, मी त्यांना बोलते की कड जाड राहिली. ते काम मला फार छान जमतं.

आता तू विचारलंस त्यावर. आमच्यात एक पद्धत पडली, कशी पडली ते आठवत नाही. सकाळी फोन येतो तेव्हा ती "कशी आहेस" विचारत नाही. विचारते, "आज किती आणे?" सोळा आणे म्हणजे हात मोकळे, कुठंही चल. बारा म्हणजे काम होईल, पण पिळायचं, चिरायचं सांगू नकोस. आठ म्हणजे ये, पण मला उठवू नकोस. चार आणे म्हटलं की ती फोन ठेवते आणि संध्याकाळी डबा पाठवते. ह्यात रडगाणं नाही, कीव नाही. ती तीन शब्दांत विचारते, मी दोन शब्दांत सांगते. तुमच्या त्या शिव्या देणाऱ्या कट्ट्याला हे झेपेल असं मला वाटतं. बायकांनाच बोलायला लागतं असं काही नाही.

अजून एक. आमची भिशी रविवारी. माझी आमवाताची गोळी, मेथोट्रेक्सेट, शनिवारी रात्री. रविवारी मळमळ, डोकं जड, अंगात त्राण नाही. दोन वर्षं मी भिशी चुकवली आणि मैत्रिणींना वाटलं मला पैशाची अडचण आहे. शेवटी डॉक्टरांना विचारून गोळीचा वार बदलून घेतला, आता बुधवार. दोन वर्षं एवढं साधं सुचलं नाही मला. (वाचणाऱ्यांपैकी कुणाची ही गोळी चालू असेल तर: विचारल्याशिवाय काही बदलू नका, आणि ती आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. मी कॅलेंडरवर बुधवारला लाल गोल करते.)

तू फक्त तुझ्या दुखण्याची वेळ बघतोस आणि मित्रांची वेळ बघतोस. दोन्ही एका कागदावर मांडून बघ. तुझी सकाळ वाईट, मग रात्री साडेनऊला काय होतं ते लिहिलंच नाहीस.

सातरस्ता_३६

ताई, रात्री साडेनऊला खरं तर मी दिवसातला सगळ्यात बरा असतो. चालू शकतो, फक्त बसू शकत नाही. गाड्यापाशी दगडी कट्टा आहे, त्यावर दोन तास बसणं म्हणजे दुसऱ्या दिवसाची सुट्टी.

हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही. मी "पाठ दुखतीय" म्हणायचो. पाठ दुखतीय म्हणलं की माणूस म्हणणार, घरी झोप. आणि झोपणं हेच माझ्यासाठी वाईट. आत्ता लिहिताना हसायला यायलंय.

---

बाळीवेसवाला

मी दुसऱ्या बाजूचा. म्हणजे फोन करायचं थांबवणाऱ्यांपैकी.

माझा मित्र डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. सुरुवातीला मी दवाखान्यात गेलो होतो. तिथून परत आलो आणि दोन महिने त्याला फोन केला नाही. का, ते सांगतो, कारण तुमच्या चौघांपैकी एखाद्याचं हेच असू शकतं. आमची दोस्ती चहाची. कटिंग मागवायचं आणि तासभर बसायचं. त्याला आता पाणी मोजून. दिवसाला किती ते डॉक्टर ठरवून देतात, त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं. सोलापूरचा मे महिना, पारा त्रेचाळीसच्या वर, आणि हा माणूस बाटलीवर पेनानं रेघा मारून पाणी प्यायचा. मी त्याच्यासमोर चहा प्यावा का नाही, एवढ्या एका प्रश्नावर माझी गाडी अडली. पिलो तर पाप, नाही पिलो तर त्याला वाटणार ह्यानं माझ्यासाठी सोडला. म्हणून गेलोच नाही. आता लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा मनात काय होतं विचाराल तर प्रेमच होतं, आणि भीती.

मग एक दिवस त्याचाच फोन. "मेलो नाही बे अजून." मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "गुरुवारी डायलिसिस झाल्यावर गरगरतं, गाडी चालवता येत नाही. पोराची परीक्षा आहे. दुपारी दीडला न्यायला ये." बास. कसा आहेस, काय आहेस, काही नाही. त्यानं मला काम दिलं आणि मी सुटलो.

तेव्हापासून गुरुवार माझा. गाडीवर मागं बसतो, माझ्या पाठीला डोकं टेकतो, कधी कधी तिथंच झोपतो. वाटेत मी चहा घेतो. त्यानंच सांगितलं, "पी की, मला एक घोट दे, बाकी तू मार." तो घोट मोजून रेघेत धरतो. चार वर्षं झाली. ह्या चार वर्षांत त्यानं दुखण्याबद्दल जेवढं सांगितलं तेवढं आधीच्या पंचवीस वर्षांत काहीच सांगितलं नव्हतं, आणि तेही चालत्या गाडीवर. तोंडाला तोंड नसलं की पुरुष माणूस बोलतो, असा माझा अनुभव आहे.

त्यामुळं सातरस्ता, सगळ्या ग्रुपला समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. एकाला धरा. त्याला एक काम सांगा, खरंखुरं, तुम्हाला लागणारं. आणि सोपं नको, थोडी तोशीस पडेल असं.

---

वाकलेला_मास्तर

सातरस्ता, मी तुझ्याच जातकुळीतला. वय ६१, ए.एस. माझी मान पूर्ण धरलेली आहे, वळत नाही. वर्गात मागून कुणी हाक मारली की मी अख्खा वळायचो, खांद्यासकट. पोरं म्हणायची, सर फार रागात वळतात. निम्मी शिस्त त्या मानेनं लावली.

आमच्या तरुणपणी ही प्रतिकारशक्तीला आवरणारी नवी इंजेक्शनं नव्हती. वेदनाशामक गोळ्या आणि व्यायाम. त्यातला व्यायाम मी केला नाही, म्हणून असा आहे. तू करतोस का ते लिहिलं नाहीस.

चार गोष्टी सांगतो, शिक्षक आहे, सवय जात नाही.

तुझा आजार चालायला सांगतो आणि तुझा कट्टा बसायला सांगतो. मग कट्टा उठव. मी तीस वर्षं एकाच मित्राबरोबर संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारल्या. आम्ही एकमेकांचे चेहरे फारसे बघितलेले नाहीत, बाळीवेसवाले म्हणतात ते अगदी बरोबर.

चहाच्या गाड्यावर सिगारेट असते. तू ओढत असशील तर आज बंद. ह्या आजारात धूर मणक्याला वाईट, हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच. कट्टा हवा म्हणून सिगारेट धरू नकोस, मी ती चूक केलीय.

डोळा कधी लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर ‘डोळे आले’ म्हणून घरी बसू नकोस. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. ए.एस.वाल्यांच्या डोळ्याच्या आत सूज येते. माझा डावा डोळा त्या निष्काळजीपणात अधू झाला.

आणि शेवटची, जी मला खरी विचारायची आहे. पहाटे साडेतीनला उठून हॉलमध्ये फिरतोस, तेव्हा डोक्यात काय फिरत असतं? माझ्या डोक्यात काय फिरायचं ते मला माहीत आहे म्हणून विचारतोय. दुखणं, अपुरी झोप आणि एकटेपणा तिन्ही एकत्र आले की मन खचतं. त्यात तुझ्या हिमतीचा प्रश्न नाही. ‘नसलेलं बरं’ असं काही येत असेल तर तुझ्या संधिवाताच्या डॉक्टरांना स्पष्ट सांग. तेही आजाराच्याच खात्यातलं आहे, ते त्यांना नवीन नाही. आणि रात्री-बेरात्री कुणी नसेल तर १४४१६ लाव, टेली मानस. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. माझ्या वेळी असं काही नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाशी बोलायचो.

सातरस्ता_३६

सर, व्यायाम ‘करतो’ असं लिहायला हात उचलेना. आठवड्यातून दोनदा. सिगारेट दोन वर्षांपूर्वी सोडली, आणि खरं म्हणजे कट्टा टाळायचं तेही एक कारण होतं.

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मोबाइल उलटा ठेवला होता. आता लिहितो. मरावं असं नाही वाटत. पण ‘मी नसतो तर ह्यांची धावपळ वाचली असती’ असं दोन-तीनदा येऊन गेलंय. काल रात्री बायकोला तुमची पोस्ट दाखवली, मला तोंडानं सांगता येईना म्हणून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पायमोजे घालायला मला तीन मिनिटं लागतात. त्याची धावपळ म्हणतोस होय?" पुण्याच्या डॉक्टरांना पुढच्या वेळी सांगणार आहे. नंबर लिहून घेतलाय.

---

कडकभाकरी

बायको हुशार आहे तुझी. तिला माझ्याकडून कडक भाकरी. पत्ता मात्र इथं लिहू नकोस, संदेश पाठव.

---

सातरस्ता_३६ (नऊ दिवसांनी)

कळवायचं राहिलं होतं.

लंब्याला धरायचं ठरवलं. का, तर हुरडा त्यानंच आणून दिला होता. फोन करायला दोन दिवस लागले. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं, आणि त्यानं "बोल बे" म्हणल्यावर त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी म्हणलं, "मला रोज संध्याकाळी चालायला सांगितलंय. एकटा कंटाळतो. कंबर तलावाला येशील का?" तो म्हणाला, "कधी?" मी म्हणलं, "आज." तो म्हणाला, "आज नको." आणि आम्ही दोघंही गप्प. मग तोच हसला. "उद्या येतो की."

आला. साडेसहाला, ऑफिसच्या बुटात. पहिली फेरी नुसतं कारखाना, पोरांची शाळा, नळाला पाणी कितव्या दिवशी येतंय, असलंच. दुसऱ्या फेरीला मी सांगितलं. सगळं नाही. सकाळचं लाकूड, पायमोजे, बसणं का जमत नाही आणि चालणं का जमतं. तो समोर बघून चालत होता. म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी हुरड्याला तुला खाली बसता येत नव्हतं?" मी हो म्हणलं. मग बराच वेळ तो बोलला नाही. तलावाच्या कडेला कुणीतरी कणसं भाजत होतं, तिथं थांबून दोन घेतली. माझ्या कणसाला लिंबू स्वतः चोळून दिलं. असलं काम तो कधी करत नाही.

फोटोचंही विचारलं. म्हणलं, तो पाचवा कोण बे? लंब्या म्हणाला, "कुणाला माहीत, आपोआप येऊन उभारला." ह्यावर मी एक रात्र जागलो होतो!

त्याची बाजूही ऐकली. त्यांना वाटत होतं की मीच टाळायलोय. पुण्याला सारखा जातोय म्हणजे तिकडं नोकरी बघायलोय, आणि जमलं की सांगणार. डाक्टर तर म्हणत होता म्हणे, ह्याला आता आपण चालत नाही. मेडिकलच्या दुकानात माझ्या गोळ्या तोच देतो, पण विचारायचं त्याला अवघड वाटायचं. म्हणे गिऱ्हाइकाचं आपण कसं काढायचं.

ताई, तुमचे आणे लंब्याला सांगितले. त्याला लई आवडले. ग्रुपवर लगेच टाकलं. आता रोज दुपारी चारला मेसेज येतो, "किती आणे बे?" पैलवाननं काल स्वतःचे सांगितले, "सहा आणे, बायकोशी भांडण." सावकारचं अजून काही नाही. मेसेज बघतो, बोलत नाही. त्याच्या मनात काय आहे कळेना. बघू.

आठवड्यातून तीनदा फेरी होतीय, दोनदा लंब्या, एकदा डाक्टर. रोज चौदा-पंधरा आणे असतात असं नाही. परवा पाचच होते, तर लंब्या घरी आला आणि मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालायलो, तो सोफ्यावर पडून मॅच बघायला. पोरगी म्हणाली, "बाबा उभे आणि काका झोपलेत."

येत्या मंगळवारी पुण्याला तपासणी आहे. इंजेक्शन सुरू करायचं का ते ठरायचंय, त्याआधी टीबीची तपासणी करतात ती झाली. बाळीवेसवाले, तुमचं ऐकून लंब्याला काम सांगितलं: बरोबर चल. त्याला रजा टाकावी लागली, त्यानं टाकली. हुतात्मा एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढलीत. खिडकी त्याला दिलीय. मी मोहोळ-कुर्डुवाडीपर्यंत दारातच उभारणार, त्यानंतर तो म्हणायलाय की मीबी येतो दारात.